आइसलँडची अंडर-२१ टीम आणि ऑक्टोबर २०१० चा तो निर्णय : पार्श्वभूमी

२०१६ च्या युरोमध्ये (युरोपातल्या देशांची फुटबॉल स्पर्धा) फ्रान्समधल्या नीसला आइसलँडने इंग्लंडला २-१ हरवलं तेव्हा सुरुवातीच्या अकरात पाच जण असे होते जे पाच वर्षं आधी अंडर-२१ युरो, म्हणजे तरुण टीम्सची तशीच स्पर्धा, खेळून आले होते. विनिंग गोल मारणारा स्ट्रायकर त्यातलाच आणि कॅप्टनही त्यातलाच. त्यामुळे त्या यशाचं मूळ शोधायचं तर २०१६ च्या मागे जाऊन २०१०-११ ची अंडर-२१ टीम बघावी लागते, आणि ती टीम जवळजवळ मोडलीच असती असा एक प्रसंग आहे त्याबद्दल फार कमी बोललं जातं.

जुना काळ थोडक्यात. १९४४ मध्ये देश डेन्मार्कपासून पूर्ण वेगळा झाला, १९४६ ला पहिली अधिकृत मॅच डेन्मार्कशीच, आणि १९६७ मध्ये कोपनहेगनला १४-२ असा मार खाल्ला, तो स्कोअर तिथे अजून लोकांच्या तोंडी आहे. बाकी कित्येक दशकं ज्युनियर टीम्स क्वालिफायर खेळायच्या आणि घरी परतायच्या, थंडीत मैदानच नसायचं तर होणार काय. २००० मध्ये केफ्लाविक भागात पहिला पूर्ण मापाचा इनडोअर हॉल झाला, मग एकामागून एक हॉल, शाळांशेजारी छोटी आर्टिफिशियल ग्राउंड्स, आणि सहा-सात वर्षांच्या पोरांनाही लायसन्स असलेला, पगार घेणारा कोच. लोकसंख्या तेव्हा साधारण सव्वातीन लाख. २००८ ला बँका बुडाल्या, क्लबांकडे परदेशी खेळाडूंना द्यायला पैसे उरले नाहीत म्हणून पोरांना चान्स मिळाला असंही सांगतात. त्यात तथ्य आहे, राजधानीलगतच्या एका क्लबने २०१० मध्ये पहिल्यांदाच लीग जिंकली ती तरुण टीमच्या जोरावर, पण मला हे कारण उगाच फुगवलेलं वाटतं, कारण त्या अंडर-२१ मधली मोठी नावं इंग्लंड-हॉलंडच्या अकॅडमीत आधीच पोचली होती.

आता २०११ च्या अंडर-२१ युरोचे क्वालिफायर. ग्रुपमध्ये चेक रिपब्लिक आणि जर्मनी, जर्मनी म्हणजे २००९ चे अंडर-२१ युरो चॅम्पियन. मॅग्डेबर्गला २-२ झाली, आणि ऑगस्ट २०१० मध्ये हाफ्नारफ्योर्दुरला आइसलँडने त्यांना ४-१ धुतलं. जर्मनी बाहेर, आइसलँड दुसरा, प्ले-ऑफमध्ये, म्हणजे मुख्य स्पर्धेत जाण्याच्या शेवटच्या दोन मॅचच्या लढतीत, समोर स्कॉटलंड.

आणि इथेच गुंता झाला. प्ले-ऑफच्या दोन मॅच ७ आणि ११ ऑक्टोबरला, सीनियर टीमची युरो क्वालिफायर पोर्तुगालविरुद्ध घरच्या मैदानावर १२ ऑक्टोबरला. पोरं तीच, दोन्ही टीमला हवी असलेली. सीनियर टीम नॉर्वे आणि डेन्मार्ककडून आधीच हरलेली, पॉइंट शून्य, समोर रोनाल्डो, स्टेडियम भरणार, आणि सीनियर कोचला बेस्ट टीम हवी होती, त्यात चूक काहीच नव्हती. जगात कुठेही अशा वेळी सीनियर टीमच पहिली. पण देशाच्या फुटबॉल फेडरेशनने उलटं ठरवलं, अंडर-२१ ला प्राधान्य, सीनियरमध्ये खेळू शकणारी बरीच पोरं खाली पाठवली. यावर बरीच टीका झाली. एक बाजू म्हणायची की राष्ट्रीय संघ हा राष्ट्रीय संघ असतो, वर्ल्ड क्लास टीम येतेय आणि तुम्ही स्वतःहून दुबळी टीम उतरवताय. दुसरी बाजू म्हणायची की सीनियर टीम त्या ग्रुपमधून तशीही जाणार नाही, पण अंडर-२१ ला पहिल्यांदा फायनल टूर्नामेंट (क्वालिफायरनंतरची मुख्य स्पर्धा) दिसतेय, ती सोडायची?

घरी स्कॉटलंडला २-१, मग एडिनबराला परत २-१, तिथले दोन्ही गोल एकाच मिडफिल्डरचे, गिल्फी सिगुर्डसनचे, जो पुढे इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये नाव काढणार होता. दुसऱ्या दिवशी सीनियर टीम पोर्तुगालकडून १-३ हरली. माझ्या मते निर्णय शंभर टक्के बरोबर होता, तीन दिवसांची बेरीज न बघता पाच वर्षांची बघितली म्हणून. पण किंमत सीनियर कोचने मोजली हेही खरं. त्या ग्रुपमध्ये टीमला एकूण ४ पॉइंट, २०११ च्या शेवटी त्याच्या जागी स्वीडनचा अनुभवी कोच आला, आणि २०१२ मध्ये फिफा रँकिंग घसरून १३१ वर गेली. त्या जुन्या कोचच्या हातातली पोरं काढून घेतली हे नंतर हिशेबात धरलं गेलं नाही, हे मला अन्यायाचं वाटतं.

जून २०११, डेन्मार्कमध्ये अंडर-२१ युरो. पहिली मॅच बेलारूसशी, उशिरा रेड कार्ड, पेनल्टी, ०-२. मग स्वित्झर्लंडकडूनही ०-२. शेवटची ऑलबोर्गला यजमानांशी, ३-१ जिंकले, सीनियर टीमला तोवर डेन्मार्कविरुद्ध एकही विजय नव्हता हे लक्षात घ्या. आइसलँड, डेन्मार्क, बेलारूस तिघांचे ३-३ पॉइंट, आपसातल्या गोलफरकात बेलारूस पुढे. अजून एक गोल, म्हणजे ४-१ झाली असती, तर आइसलँड सेमीफायनलला. बेलारूस तिसरा येऊन लंडन ऑलिंपिकला गेला.

पुढचं सगळ्यांना माहितीये, २०१४ च्या वर्ल्ड कपआधी क्रोएशियाशी प्ले-ऑफ, २०१६ चा युरो, २०१८ च्या वर्ल्ड कपला अर्जेंटिनाशी १-१. ज्युनियरमध्ये २०१२ ला अंडर-१७ युरो, २०२३ ला माल्टामध्ये अंडर-१९ युरो.

अंडर-२१ परत फायनल टूर्नामेंटला गेली ती २०२१ मध्ये, आणि तारखांचा तोच गोंधळ परत. या वेळी सीनियर कोच तोच होता ज्याने ही अंडर-२१ टीम क्वालिफाय करून दिली होती. रशियाकडून १-४, डेन्मार्ककडून ०-२, तोवर सीनियर टीमही जर्मनी आणि आर्मेनियाकडून हरलेली, मग काही पोरं टूर्नामेंट चालू असतानाच सीनियर टीमने वर बोलावून घेतली. ३१ मार्चला सीनियर टीमने लिख्टेनस्टाइनला ४-१ हरवलं आणि त्याच दिवशी उरलेली अंडर-२१ टीम फ्रान्सकडून ०-२ हरून परत आली. २०१० ला जो क्रम लावला होता तो इथे बरोबर उलटा झाला.