पहिला क्रमांक म्हणजे थेट जेतेपदाची लढत नव्हे

बॉक्सिंगच्या हेवीवेट क्रमवारीत पहिला आला की जगज्जेत्याशी लढत ठरलीच, हा समज जुना आणि चुकीचा. संघटनेने ‘अनिवार्य आव्हानवीर’ जाहीर केल्यावरच हक्क मिळतो, तोही लांबतो. ब्रिटनचा डिलियन व्हाइट डब्ल्यूबीसी या जागतिक बॉक्सिंग संघटनेच्या यादीत पहिला असूनही ताटकळला. बरं, तोवर रिंगबाहेर बसूनही चालत नाही, आणि धोका तिथेच. ऑगस्ट 2020मध्ये चौथ्या फेरीत त्याने रशियाच्या पोवेत्किनला दोनदा पाडलं, पण पाचवीत त्याच्या एका अपरकटने, म्हणजे खालून वर मारलेल्या ठोशाने, सगळं गेलं. मार्च 2021मध्ये परतफेड केली. पुढे जगज्जेत्या टायसन फ्युरीशी लढतीच्या मानधनावर एकमत होईना, म्हणून लढत भरवणाऱ्या प्रवर्तकांकडून बोली: सुमारे 4 कोटी 10 लाख डॉलर. वाटणी फ्युरीला 80 टक्के, व्हाइटला 20. एप्रिल 2022, वेम्ब्ली: सहाव्या फेरीत व्हाइट बाद.