जुन्या संगणकावर ध्वनिमुद्रण करता येते
घरच्या जुन्या संगणकावर संगीतनिर्मितीचे सॉफ्टवेअर चालतच नाही, असा समज गोव्यातील भजनी मंडळांत अनेक वर्षे रुजलेला आहे आणि तो चुकीचा आहे. पेटी, पखवाज, झांजा आणि गायकाचा आवाज असे 8-10 ट्रॅक मुद्रित करताना प्रोसेसरवर फारसा भार येत नाही. खरा भार आभासी वाद्यांचा (सॉफ्टवेअरच वाजवते ती वाद्ये) व इफेक्टांचा (आवाजावर केले जाणारे घुमाऱ्यासारखे संस्कार) असतो. हेडफोनमध्ये स्वतःचा सूर मागाहून ऐकू येऊ लागला, की गायक बिचकतो आणि दोष संगणकाच्या वयाला दिला जातो. वास्तविक 44,100 हर्ट्‌झला (म्हणजे सेकंदाला आवाजाचे 44,100 नमुने घेताना) 1,024 नमुन्यांचा बफर, म्हणजे पुढे पाठवण्याआधी तात्पुरता साठवलेला आवाजाचा तुकडा, एकटाच सुमारे 23 मिलिसेकंदांचा विलंब करतो, 128 नमुन्यांचा जेमतेम 3. म्हणून मुद्रण करताना बफर लहान ठेवावा, सगळे ट्रॅक एकत्र जुळवताना, म्हणजे मिश्रणाच्या वेळी, वाढवावा; मोठ्या बफरमुळे प्रोसेसरवरचा ताण हलका होतो. पंख्यातील धूळ मात्र आधी काढावी, कारण तापलेला प्रोसेसर आपला वेग आपणच कमी करतो.