सोप्या इंग्रजीतली कादंबरी : ढाक्यात घडली, कोकणात पोचली

कोकणातल्या जुन्या मराठी माध्यमाच्या हायस्कुलात ग्रंथालयाचं कपाट उघडलं की खालच्या कप्प्यात खाकी कव्हर घातलेली, शंभरेक पानांची इंग्रजी पुस्तकं सापडतात. रॉबिन्सन क्रूसो, गलिव्हर, डेव्हिड कॉपरफिल्ड. पावसाळी ओलीने पानं पिवळी पडलेली, कडा कसरीने खाल्लेल्या. मूळ लेखकाच्या नावाखाली बारीक अक्षरांत कुठे 'अब्रिज्ड' असतं, कुठे 'सिम्प्लिफाइड'. आपण दोन्ही शब्द एकाच अर्थाने घेतो, पण एकात गोष्ट आखूड केलेली असते आणि दुसऱ्यात भाषा सोपी केलेली असते.

आखूड करण्याची रीत जुनी. चार्ल्स आणि मेरी लॅम या भावंडांनी 1807 मध्ये शेक्सपिअरची वीस नाटकं गोष्टीरूपात आणली. त्यातली चौदा मेरीने लिहिली, तरी पहिल्या आवृत्तीवर नाव एकट्या चार्ल्सचं होतं. आपल्याकडच्या शाळांतही पिढ्यान्पिढ्या हे पुस्तक वाचलं गेलं. पण ते लिहिलं होतं घरात इंग्रजीच बोलणाऱ्या मुलांसाठी. गोष्ट लहान झाली, वाक्यं लांब आणि शब्द जुनेच राहिले.

भाषाच सोपी करण्याचा विचार पद्धतशीरपणे मांडला गेला तो तेव्हाच्या बंगालात. मायकेल वेस्ट हे ढाक्याच्या टीचर्स ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्य. द्विभाषिकतेवरचा त्यांचा अभ्यास 1926 मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेक मुलं शिक्षण अर्ध्यावर सोडतात, हे त्यांनी पाहिलं होतं. त्यासाठी त्यांनी विम्यातला शब्द उचलला : सरेंडर व्हॅल्यू. पॉलिसी मुदतीआधी मोडली तर हातात किती पडतं? तसंच, मधेच शाळा सोडलेल्या मुलाच्या पदरात इंग्रजीचं काय उरतं? व्याकरणाचे अर्धवट नियम विसरून जातात. वाचता येत असेल, तर तेवढं मात्र कायम राहतं. सातवी होताच ट्रंक उचलून मुंबईची बोट धरणारी, गिरणीत चिकटणारी मुलं ज्या गावांनी पाहिली, त्यांना हा हिशेब वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

वेस्ट यांनी क्रमिक पुस्तकं नव्याने लिहिली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ थॉर्नडाइक यांची जास्त वापरातल्या दहा हजार शब्दांची 1921 ची यादी हाताशी होतीच. कमी वापरातले शब्द त्यांनी गाळले. 'आइल'च्या जागी 'आयलंड', 'एर'च्या जागी 'बिफोर' आला. नवे शब्द थोडे आणि अंतराअंतराने द्यायचे, आणि दिलेला शब्द पुढे पुन्हा पुन्हा आणायचा, ही त्यामागची खरी युक्ती.

ती चालते कशी, हे मी माझ्या हातातल्या अशाच एका सोप्या पुस्तकाच्या प्रतीत पाहिलं. कुणा विद्यार्थ्याने पेन्सिलीने ओळींच्या मधे मराठी अर्थ लिहिले आहेत. पहिल्या पानावर अकरा, दुसऱ्यावर नऊ. 'शोअर' या शब्दावर तीनदा 'किनारा' लिहिलंय. पुढे तोच शब्द येत राहतो, पण पेन्सिल लागत नाही. विसाव्या पानानंतर अर्थ जवळजवळ थांबतात. मुलगा गोष्टीत शिरला होता.

पुढे शब्दांना मर्यादा घालण्याचा विचार बराच पसरला. इंग्रज भाषाभ्यासक ऑग्डेन यांनी 1930 मध्ये 850 शब्दांची 'बेसिक इंग्लिश' मांडली. 1953 मध्ये वेस्ट यांची सुमारे दोन हजार शब्दांची यादी आली. सोप्या इंग्रजी पुस्तकांच्या आजच्या काही मालिकांत पहिल्या पायरीला 400 मूळ शब्द असतात, सहाव्या पायरीला 2500.

मूळ लेखकाची शैली यात हरवते, हा आक्षेप खरा आहे. डिकन्सचा विनोद दोन हजार शब्दांत मावत नाही. तरीही एक अख्खं इंग्रजी पुस्तक शेवटच्या पानापर्यंत आपलं आपण वाचण्याचा आनंद मला मोठा वाटतो. तो मूळ पुस्तकाच्या चौथ्या पानावर अडलेल्या मुलाला मिळत नाही.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात काही वर्षं इंग्रजी आठवीपासून सुरू होई. महाराष्ट्रात ते 2000 पासून पहिलीपासून आहे. वर्षं वाढली, पण घरात इंग्रजी नसलेल्या मुलाला कुठल्या पायरीचं पुस्तक द्यायचं, हे अजून वयावरून ठरतं. मला नववीत दिलेलं पुस्तक असंच वरच्या पायरीचं होतं आणि मी ते न वाचता परत केलं. मधलं कुठलंही पान मुलाला वाचायला द्यावं. पाचाहून जास्त शब्द अडले, तर इयत्ता न बघता एक पायरी खालचं काढून द्यावं.