डेटा जागेवर, प्रश्न प्रवासाला

"पेशंटचं नाव आणि फोन नंबर खोडला की झालं, मग द्या कुणालाही!" हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलंय (त्यात दोन-तीन डॉक्टरही आले) की एकदा त्याची चिरफाड करायचीच होती. त्यासाठी आफ्रिकेत जाऊ या, कारण रुग्णांची माहिती कुणाला आणि कशी द्यायची, या प्रश्नाचे चटके तिथल्या दवाखान्यांनी पुरेपूर सोसलेत.

2014 ते 2016 या काळात गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओनमध्ये इबोलाचे 28,600हून जास्त रुग्ण सापडले, 11,300हून जास्त माणसं गेली. रक्ताचे नमुने हजारोंनी परदेशी प्रयोगशाळांत रवाना झाले. अशा कामाला 'हेलिकॉप्टर संशोधन' असं नाव पडलंय. उतरायचं, भरून घ्यायचं, उडायचं. बरं, आपणहून सांगावं तर? 24 नोव्हेंबर 2021 रोजी दक्षिण आफ्रिकेने करोनाच्या नव्या प्रकाराची खबर जागतिक आरोग्य संघटनेला दिली. 26 तारखेला त्याचं 'ओमिक्रॉन' असं बारसं झालं आणि प्रामाणिकपणाचं बक्षीस म्हणून एकेका देशाने त्या भागातली विमानं बंद केली.

म्हणून माहिती दडवून ठेवावी, तर तेही परवडत नाही. एका दवाखान्यात आलेले चार तापाचे रुग्ण म्हणजे नुसता ताप. शंभर दवाखान्यांत तेच दिसलं तर साथ.

यावरची एक युक्ती मला फार आवडते. 2020 साली, करोनाच्या धामधुमीत, 'व्होडान-आफ्रिका' नावाचं जाळं उभं राहिलं. युगांडा, इथिओपिया, नायजेरिया, झिम्बाब्वे अशा देशांतले दवाखाने त्यात आले. तिथे रुग्णांच्या नोंदी दवाखान्याच्या संगणकावरून हलत नाहीत. हलतो तो प्रश्न. संशोधकाचा प्रश्न एकेका दवाखान्यात जातो, परवानगी असेल तर तिथेच आकडेमोड होते, आणि बाहेर पडतं फक्त उत्तर.

समजा, रुग्ण सरासरी किती दिवस दाखल राहतात ते हवंय. पहिल्या दवाखान्यात 10 रुग्ण, सरासरी 2 दिवस. दुसऱ्यात 90 रुग्ण, सरासरी 6 दिवस. सरासरींची सरासरी काढली तर 4 येते, आणि ती चूक आहे. म्हणून प्रत्येक दवाखान्याकडून दोनच आकडे मागवायचे, एकूण दिवस आणि एकूण रुग्ण. 20 अधिक 540, भागिले 100. उत्तर 5.6 दिवस. शंभरातल्या एकाही माणसाची नोंद कुठे गेली नाही.

अर्थात, प्रश्न सगळ्यांना सारखाच कळायला हवा. इथिओपियाच्या पंचांगात तेरा महिने असतात आणि ते आपल्या रोजच्या कॅलेंडरच्या सात-आठ वर्षं मागे चालतं. तिथल्या वहीत 2013 लिहिलेला रुग्ण कदाचित 2020चा असेल! आपण केसपेपरवर शके 1942 लिहिलं, तर परक्या संगणकाची जी गत होईल तीच. म्हणून प्रत्येक नोंदीला 'ही तारीख कोणत्या पंचांगाची, हा आजार कोणत्या संकेतावलीतला (म्हणजे आजारांना दिलेल्या क्रमांकांच्या कोणत्या यादीतला)' अशी चिठ्ठी जोडावी लागते. कंटाळवाणं काम आहे, पण सगळा डोलारा त्यावरच उभा असतो.

आता सुरुवातीच्या वाक्याकडे. मी एका दवाखान्याला विचारतो, "तुमच्याकडे एचआयव्हीचे रुग्ण किती?" उत्तर 43. दुसरा प्रश्न, "अमुक गावची साठीपुढची बाई सोडून किती?" उत्तर 42. त्या गावातून त्या दवाखान्यात येणारी साठीपुढची बाई एकच असेल, तर संपलं. नाव विचारलं नाही, नोंद पाहिली नाही, दोन बेरजांच्या वजाबाकीतून एका बाईचं गुपित चव्हाट्यावर आलं. म्हणून पाच-दहापेक्षा लहान आकडे बाहेर द्यायचेच नाहीत असा दंडक काही ठिकाणी असतो. पण इथे 43 आणि 42 दोन्ही मोठेच आहेत, तेव्हा तो एकटा पुरत नाही. विचारलेल्या प्रश्नांचीही वही ठेवावी लागते, किंवा उत्तरात मुद्दाम थोडी ठरवून केलेली गफलत मिसळावी लागते. मग पहिल्यांदा 44 येईल, दुसऱ्यांदा 41, आणि वजाबाकीला काही अर्थ उरणार नाही. साथीचा अंदाज घ्यायला दोनेक रुग्णांच्या फरकाने काही बिघडत नाही. फक्त ही गफलत किती करायची याचं गणित नीट मांडावं लागतं, आणि तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले तर सरासरीतून खरा आकडा डोकावू लागतो.

एवढं ऐकून कुणीतरी "ब्लॉकचेन लावा की" म्हणतंच. ब्लॉकचेन म्हणजे नोंदी मागाहून गुपचूप बदलता येऊ नयेत म्हणून त्यांच्या प्रती अनेक संगणकांवर ठेवायची पद्धत, अंगारा नव्हे. दोन बरोबर आकड्यांची वजाबाकी तिथेही बरोबरच येते.

माणसांची खासगी माहिती जपण्याचे कायदे आलेत. केनिया आणि युगांडाचे 2019चे, नायजेरियाचा 2023चा. पण प्रश्नाला होकार द्यायचा की नकार, हे शेवटी दवाखान्यातल्याच कुणालातरी ठरवावं लागतं. आणि या दवाखान्यांत आजवर काय चालत आलंय? नर्सबाई एकाच रुग्णाची नोंद टीबीच्या वहीत करतात, मग एचआयव्हीच्या, मग बाळंतपणाच्या. महिनाअखेर बेरजा करून वर पाठवतात. वरून बहुतेकदा काहीच परत येत नाही. डेटा तिथेच, नीट मांडून राहिला, तर बाहेरच्यांना मिळेल तो आकडा. नर्सबाईंना मात्र गेल्या महिन्यात गोळ्या न्यायला कोण कोण आलं नाही, त्यांची नावं संध्याकाळच्या आत काढता येतील.