श्वास रोखता येतो म्हणजे फुप्फुसं धडधाकट?

२०२० मध्ये व्हॉट्सॲपवर एक सल्ला जोरात फिरत होता: खोल श्वास घ्या, १० सेकंद रोखा, खोकला आला नाही तर कोरोना नाही. ते खरं नसल्याचं जागतिक आरोग्य संघटनेला जाहीर करावं लागलं. तरी श्वास रोखून फुप्फुसं ‘तपासणारे’ व्हिडिओ अजून येतातच.

डॉक्टर पीएफटी (फुप्फुसं कशी चालतात ते बघणारी तपासणी), बहुधा त्यातली स्पायरोमेट्री, लिहून देतात, तेव्हा मात्र श्वास रोखण्यावर गुण नसतात. नाकाला चिमटा, तोंडात नळी, छाती भरून श्वास, आणि मग ‘फुंका, फुंका, अजून फुंका!’ (टेक्निशियनचा आवाज बाहेर बाकावर बसलेल्यांनाही ऐकू जातो.) एकूण हवा किती निघाली आणि त्यातली पहिल्या सेकंदात किती, हे यंत्र मोजतं. दम्यात किंवा सीओपीडीत (श्वास अडवणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) श्वासनलिका आकसलेल्या असतात, त्यामुळे हवा बाहेर पडायला वेळ लागतो. नेमकं हेच श्वास रोखून कळत नाही. दम्याच्या माणसालाही, त्रास नसेल त्या दिवशी, आरामात अर्धा मिनिट श्वास रोखता येईल.

मग श्वास सोडावासा का वाटतो? ऑक्सिजन संपला म्हणून नव्हे. रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि मेंदू श्वासपटलाला हलायला लावतो. पण तेवढंच नाही. १९५४ साली वॉर्ड फाउलर या संशोधकांनी गंमतशीर प्रयोग केला. श्वास रोखणं असह्य होऊन तो सोडलेल्या माणसांना त्यांनी कमी ऑक्सिजन आणि जास्त कार्बन डायऑक्साइड असलेली हवा दिली. रक्तातली स्थिती काही सुधारली नव्हती, तरी छाती हलल्याबरोबर त्यांना पुन्हा श्वास रोखता आला! म्हणजे घड्याळात दिसणाऱ्या सेकंदांमध्ये फुप्फुसांइतकाच सहनशक्तीचा, सरावाचा आणि हट्टाचाही वाटा असतो. फ्रान्सच्या स्टेफान मिफ्सूद यांनी २००९ मध्ये ११ मिनिटं ३५ सेकंद श्वास रोखला, त्यामागे वर्षानुवर्षांची तालीम होती.

श्वास रोखण्याची चाचणी अगदीच टाकाऊ नाही. भूल देण्यापूर्वी काही डॉक्टर ती करून बघतात; २५ सेकंदांच्या वर ठीक, १५ च्या आत आलं तर अधिक तपासण्या. पण ती बाकीच्या तपासणीच्या जोडीला असते.

आकडा वाढवायला आधी भराभर श्वास घेण्याची युक्ती पोहताना तर करूच नये. त्याने कार्बन डायऑक्साइड उतरतो, श्वास घ्यायची हाक उशिरा येते, आणि त्याआधीच ऑक्सिजन कमी पडून माणूस पाण्यात बेशुद्ध होऊ शकतो.