८१ की ६४? कुऱ्हाडफेकीचे दोन सारखे दिसणारे फलक

दोन मित्र दोन वेगळ्या शहरांत फिरायला गेलेत आणि दोघांनीही एक संध्याकाळ कुऱ्हाडी फेकण्यात घालवली असं समजा. रात्री एकाचा निरोप येतो, "मला ३३ गुण!" दुसऱ्याचा येतो, "मला २९." पहिला जिंकला असं सगळे धरून चालतात. पण पहिला खेळला तिथे पूर्ण गुण ८१ होते आणि दुसऱ्याकडे ६४. म्हणजे एकाचे जेमतेम ४१ टक्के, दुसऱ्याचे ४५. शिवाय दोघांच्या फलकावरची वर्तुळंही सारखी नव्हती, त्यामुळे टक्क्यांची ही तुलनासुद्धा खरं तर कच्चीच.

पर्यटकांच्या शहरात अशी सभागृहं आता बरीच असतात. जाळीने वेगळ्या केलेल्या लेन, समोर लाकडी फळ्या, एक प्रशिक्षक, तासा-दीड तासाची वेळ. आत शिरलं की सगळीकडे एकच खेळ चाललाय असं वाटतं. प्रत्यक्षात गुण मोजायच्या दोन पद्धती आहेत. एक इंटरनॅशनल ॲक्स थ्रोइंग फेडरेशनची, दुसरी वर्ल्ड ॲक्स थ्रोइंग लीगची. इथे सोयीसाठी एकीला फेडरेशन म्हणू आणि दुसरीला लीग.

घोळ होतो तो साहजिक आहे, कारण दोन्हींचं मूळ जवळपास एकच. २००६ साली टोरांटोत मॅट विल्सनने घराच्या मागच्या अंगणात मित्रांना जमवून कुऱ्हाडी फेकायला सुरुवात केली. त्याचं नाव पडलं बॅकयार्ड ॲक्स थ्रोइंग लीग. अंगण पुरेना, तेव्हा २०११ मध्ये खेळ छपराखाली आला. पुढे गावोगावी सभागृहं उघडली आणि प्रत्येक जण आपापले नियम लावू लागला, तेव्हा सगळ्यांसाठी एक नियमावली हवी असं वाटू लागलं. ती एक व्हायची ती झाल्या दोन: २०१६ मध्ये फेडरेशन उभं राहिलं आणि २०१७ मध्ये लीग. लीगच्या अंतिम स्पर्धा ईएसपीएनवर दिसू लागल्यावर तिचा फलक जास्त लोकांच्या ओळखीचा झाला.

फेक मात्र दोन्हीकडे तीच. लहान कुऱ्हाड, साधारण १२ फुटांचं अंतर आणि हवेत एक पूर्ण गिरकी. ताकदीपेक्षा अंतर महत्त्वाचं, कारण गिरकी पूर्ण झाली नाही तर दांड्याचं टोक आधी फळीवर आपटतं. तसं झालं तर थोडं मागे सरकायचं. उलट गिरकी जास्त झाली तर पात्याची वरची बाजू आधी टेकते, तेव्हा थोडं पुढे यायचं, पण रेषेच्या आत राहून. फळ्या उभ्या बसवलेल्या असतात. लाकडाच्या रेषाही उभ्या आणि पातंही उभं, म्हणून ते तंतूंच्या मधे शिरतं आणि अडकतं. बऱ्याच ठिकाणी फळ्यांवर पाणी मारतात, ओलं लाकूड पात्याला लवकर जागा देतं. मधली फळी सगळ्यांत आधी झिजते, तीच सारखी बदलावी लागते. इथपर्यंत दोन्ही पद्धतींत काही फरक नाही, आणि प्रशिक्षक पहिल्या दहा मिनिटांत शिकवतो ते एवढंच. त्यामुळे पुढचा फरक कुणाच्या ध्यानात येत नाही.

फरक रंगवलेल्या वर्तुळांत आहे. फेडरेशनच्या फलकावर वर्तुळं कमी: मधला काळा गोल ५ गुणांचा, त्याभोवती लाल ३ चा, बाहेर निळा १ चा. वरच्या बाजूला डावीउजवीकडे दोन छोटे हिरवे ठिपके असतात, त्यांना क्लच म्हणतात आणि त्यांचे ७ गुण. लीगच्या फलकावर पट्टे जास्त आणि बारीक. बाहेरून आत येताना १, २, ३, ४ आणि मध्यभागी एकदम ६. इथेही वर दोन ठिपके आहेत, पण निळे. त्यांचं नाव किलशॉट, गुण ८. लांबून पाहिलं तर दोन्हीकडे गोलात गोल आणि वर दोन डोळे. ओळखायची सगळ्यांत सोपी खूण म्हणजे ठिपक्यांचा रंग. मधला गोलही पाहा: लीगचा ६ चा गोल फेडरेशनच्या काळ्या गोलापेक्षा बराच लहान असतो.

आता डावाची रचना. फेडरेशनमध्ये सामना तीन फेऱ्यांचा, प्रत्येक फेरीत पाच फेकी. क्लचचा प्रयत्न फक्त पाचव्या फेकीला करता येतो, तोही आधी मोठ्याने सांगून. न सांगता हिरव्यावर लागली तर त्याचे ७ मिळत नाहीत. सांगून चुकली तर ती फेक शून्य, मग कुऱ्हाड काळ्या गोलाच्या बरोबर मधोमध रुतलेली का असेना. चार काळे आणि एक हिरवा मिळून फेरीचे २७, तीन फेऱ्यांचे ८१. लीगमध्ये फेऱ्या नाहीत. सलग दहा फेकींची बेरीज, बस. किलशॉट दहांपैकी कुठल्याही फेकीला मागता येतो, पण सामन्यात दोनदाच, आणि तोही आधी सांगून. आठ वेळा ६ आणि दोन वेळा ८ म्हणजे ६४.

कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. संध्याकाळ कशी जाते ते मात्र यावरच ठरतं.

फेडरेशनचा सामना टेनिससारखा आहे: आधीचा सेट कितीही वाईट गेला तरी नवा शून्यापासून सुरू. कारण इथे जो तीनपैकी दोन फेऱ्या जिंकतो तो सामना जिंकतो. समजा, पहिली फेरी तुम्ही ४ विरुद्ध २० अशी सपशेल हरलात. दुसरी १२ विरुद्ध ११ अशी कशीबशी काढलीत आणि तिसरी १३ विरुद्ध १२. सामना तुमचा. एकूण बेरीज तुमची २९ आणि समोरच्याची ४३, तरीही. लीगच्या पद्धतीत बेरीजच मोजतात, त्यामुळे समोरचा एवढा पुढे असता तर तुम्हाला जिंकायला जागाच नव्हती.

पहिल्यांदा कुऱ्हाड हातात घेणाऱ्याच्या सुरुवातीच्या फेकी बहुधा फळीवर आपटून खाली पडतात. गिरकी जमायला वेळ लागतो आणि मग अचानक जमते. दहा फेकींच्या बेरजेत त्या सुरुवातीच्या शून्यांचं ओझं शेवटपर्यंत डोक्यावर राहतं. तीन फेऱ्यांच्या सामन्यात ते पहिल्या फेरीपाशीच उतरतं. म्हणून नवख्यांचा मोठा घोळका असेल, त्यात कुणी हौशी, कुणी घाबरलेलं, कुणी फक्त सोबतीला आलेलं असेल, तर मी डोळे मिटून फेडरेशनची पद्धत निवडेन. काळा गोल मोठा आहे हाही त्यातला फायदा. एखाद्याची फेक चुकूनमाकून मध्ये लागते, त्याला पाच गुण मिळतात आणि अख्खी लेन ओरडते.

पण दोघंच असतील आणि दोघांनाही खरंच नेम सुधारायचा असेल, तर लीगचा फलक जास्त प्रामाणिक. १ आणि ४ यांच्यामधल्या पायऱ्या तिथे दिसतात. फेक थोडी सुधारली की गुणांतही थोडी सुधारणा दिसते. फेडरेशनच्या फलकावर निळ्याच्या आतल्या कडेला लागलेली आणि बाहेरच्या कडेला लागलेली फेक, दोन्हींना एकच गुण. तुम्ही सुधारताय हे फलक तुम्हाला सांगतच नाही.

जास्तीच्या गुणांचे ते दोन ठिपके नवख्यांना फार खुणावतात, त्यांचं गणित एकदा मांडून पाहावं. फेडरेशनमध्ये तुमची साधी फेक सरासरी २ गुण देत असेल, तर ७ चा क्लच मागणं परवडण्यासाठी तो सातांत दोनदा तरी लागला पाहिजे. लीगमध्ये सरासरी ३ असेल तर ८ चा किलशॉट आठांत तीनदा तरी लागला पाहिजे. तासाभरापूर्वी खेळ शिकलेल्या माणसाचा नेम एवढ्या छोट्या ठिपक्यावर इतका बसत नाही. तरी प्रत्येक जण मागतो. लीगमध्ये तर नवखा दोन्ही किलशॉट पहिल्या चार फेकींतच उडवून मोकळा होतो, कारण केव्हाही मागायची मुभा आहे. फेडरेशनचा नियम त्याला त्याच्याच उत्साहापासून वाचवतो: पाचव्या फेकीपर्यंत थांब. आणि पाचवी आली की निर्णय बहुतेक वेळा आपोआप झालेला असतो. समोरचा आधीच सहा गुणांनी पुढे असेल तर काळा गोल मारून उपयोग नाही, तो पाचच देतो. हिरवाच मागावा लागतो. पुढे असाल तर गप्प मधोमध फेकायची. मला हा नियम आवडतो, कारण दर पाचव्या फेकीला खेळ क्षणभर थांबतो आणि सगळे बघायला लागतात.

भांडणं मात्र सगळ्यांत जास्त रेषेवरून होतात. पातं अर्धं एका पट्ट्यात, अर्धं दुसऱ्यात रुतलंय, तर गुण किती? लीगचं उत्तर उदार आहे: पातं जास्त गुणांच्या पट्ट्याला शिवलं तरी तेच गुण. फेडरेशन पात्याचा मोठा भाग कुठे आहे ते बघतं. म्हणजे पात्याचा तिसरा हिस्सा मधल्या गोलात आणि बाकीचा बाहेरच्या पट्ट्यात असेल, तर लीगमध्ये मधल्याचे ६ आणि फेडरेशनमध्ये लालचे ३. हौशी मंडळी बहुधा एका पद्धतीचा फलक आणि दुसऱ्या पद्धतीचा रेषेचा नियम वापरतात. मग वाद मिटत नाही, कारण आपापल्या जागी दोघंही बरोबर असतात. कुऱ्हाड उपटण्याआधी गुण ठरवायचे हे मात्र दोन्हीकडे पाळावं. एकदा पातं बाहेर आलं की पुरावाच गेला.

पर्यटकांच्या सभागृहात आणखी एक गुंता असतो. काही ठिकाणी वर्तुळं रंगवलेली नसतात, प्रोजेक्टरने फळीवर पाडलेली असतात. बटण दाबलं की लीगचा फलक, पुन्हा दाबलं की फुली-गोळा, मग फुगे फोडायचा खेळ, मग भुतं. मजा येते, नाकारण्यात अर्थ नाही. पण अशा ठिकाणी पडद्यावर आलेला आकडा कुठल्याच पद्धतीचा नसतो, तो त्या त्या खेळाचा असतो. घरी निरोप पाठवताना तो ८१ च्या किंवा ६४ च्या पंगतीत बसवू नये. सुरुवातीलाच प्रशिक्षकाला विचारावं की गुण कुठल्या पद्धतीने मोजणार. बरेच प्रशिक्षक स्वतः लीगमध्ये खेळणारे असतात, असा प्रश्न आला की ते खुलतात.

वेळेचाही हिशेब आधी करावा, कारण बुकिंग संपलं की लेन दुसऱ्यांना जाते. एका लेनमध्ये सहसा दोन फलक असतात. दोघं फेकतात, दोघांचं फेकून झालं की दोघं एकत्रच पुढे जाऊन कुऱ्हाडी काढतात. एक फेकतोय आणि दुसरा फळीपाशी गेलाय असं कधीच होऊ द्यायचं नाही. फेकणं, चालत जाणं, काढणं, परत येणं याला अर्धा मिनिट धरलं तर लीगचा सामना पाच मिनिटांत उरकतो. फेडरेशनच्या पंधरा फेकींना साडेसात मिनिटं, आणि हसणं-ओरडणं धरून दहा. सहा जणांनी प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं ठरवलं तर पंधरा सामने होतात. तासाभरात हे दोन्हीपैकी कुठल्याच पद्धतीने बसत नाही, पण लीगच्या पद्धतीने निदान जवळपास तरी पोचता येतं. सहा जणांना फेडरेशनच्या फलकावर खेळायचं असेल तर हरलेला बाहेर ही रीत ठेवावी. पाच सामन्यांत विजेता ठरतो आणि उरलेल्या वेळात ज्याला जे फेकायचं ते फेकू दे.

जाता जाता तिसऱ्या एका खेळाबद्दल. लाकूडतोड्यांच्या स्पर्धांमधली कुऱ्हाडफेक यातली नव्हे. तिथे दोन्ही बाजूंना पाती असलेली जड कुऱ्हाड दोन्ही हातांनी डोक्यावरून २० फुटांवर फेकतात. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या हेवर्डला १९६० पासून लाकूडतोड्यांची जागतिक स्पर्धा भरते. सभागृहातला खेळ त्याच्या जवळचा वाटला तरी त्याचे नियम, अंतर आणि हत्यार सगळंच निराळं. एखाद्या सभागृहाने भिंतीवर लाकूडतोड्यांची चित्रं लावली म्हणून तिथे तो खेळ मिळतो असं नाही.

मोठ्या कुऱ्हाडीची हौस असेल तर फेडरेशनच्या पद्धतीत तिला एक ठरलेली जागा आहे. तिन्ही फेऱ्या होऊनही बरोबरी राहिली, तर लहान कुऱ्हाडी बाजूला ठेवतात आणि मोठी बाहेर काढतात. हिचा दांडा साधारण दोन फुटांचा, डोकं जड, आणि गिरकीला जास्त जागा लागते म्हणून उभंही मागे राहावं लागतं. लहान कुऱ्हाडीने कमावलेला अंदाज इथे उपयोगी पडत नाही. त्यामुळे संध्याकाळभर सरस ठरलेला माणूस आणि आत्ताच शिकलेला माणूस जवळजवळ एका पातळीवर येतात, आणि बरोबरी सुटेपर्यंत आळीपाळीने फेकत राहतात. सरावलेल्यांना हे अन्यायाचं वाटतं, नवखे मात्र बरोबरीचीच वाट बघत असतात.