साबणाची वडी आणि 100 चौरस मीटर जागा

भारतीय कायद्याच्या दृष्टीने साबण हे बराच काळ सौंदर्यप्रसाधन नव्हते. 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमात 1962 साली सौंदर्यप्रसाधनाची व्याख्या घालण्यात आली, तेव्हा शरीराला चोळण्याचा, लावण्याचा, शिंपडण्याचा, स्वच्छतेसाठी किंवा सौंदर्यासाठी वापरायचा कोणताही पदार्थ तिच्यात आला. मात्र ‘यात साबणाचा समावेश नाही’ अशा अर्थाचे शब्दही तिच्या शेवटी होते. 1982 च्या दुरुस्तीने ते शब्द वगळले आणि 1 फेब्रुवारी 1983 पासून अंगाचा साबण क्रीम, पावडर आणि लिपस्टिकच्या पंगतीत येऊन बसला. घरच्या स्वयंपाकघरात खोबरेल तेलाचा साबण करून प्रदर्शनात विकणारी गृहिणी किंवा दिवाळीच्या तोंडावर साबण आणि उटणे बनवणारा बचत गट यांच्यापुढे आज जे प्रश्न उभे राहतात, त्यांची सुरुवात या दुरुस्तीपासून होते. उटणे तर त्या व्याख्येत आधीपासूनच बसत होते, हे पुष्कळांच्या ध्यानीमनीही नसते.

हा कायदा लहान उत्पादकाला कुठे मदत करतो आणि कुठे अडवतो, हे समजण्यासाठी आधी साबण कसा तयार होतो ते पाहावे लागते. तेल किंवा चरबी म्हणजे ग्लिसरीनच्या एका रेणूला जोडलेली तीन मेदाम्ले. कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, पाण्यात विरघळवून तेलात मिसळला की हा जोड तुटतो, मेदाम्लांचे सोडियम क्षार तयार होतात आणि ग्लिसरीन मोकळे होते. ते क्षार म्हणजेच साबण. हाताने साबण करणारे बहुतेक जण ‘कोल्ड प्रोसेस’ वापरतात: मिश्रण बाहेरून शिजवत नाहीत, साच्यात ओततात, एकदोन दिवसांनी वड्या कापतात आणि चार ते सहा आठवडे हवेशीर जागी सुकू देतात. कारखान्यातला साबण वेगळ्या वाटेने जातो. तेथे साबण शिजवला जातो, बहुधा त्यातले ग्लिसरीन काढून घेतले जाते, मग तो वाळवून, रोलरमधून दळून, दाबून त्याच्या वड्या पाडल्या जातात.

घरगुती पद्धतीतला सर्वांत मोठा धोका कॉस्टिक सोड्याच्या मोजमापात आहे. प्रत्येक तेलाला लागणारा सोडा वेगळा असतो. एक किलो खोबरेल तेलाचे पूर्ण साबणीकरण व्हायला साधारण 183 ग्रॅम सोडा लागतो, तर एक किलो शेंगदाणा तेलाला साधारण 136 ग्रॅम पुरतो. एखाद्याने खोबरेलाची कृती समोर ठेवली आणि तेल मात्र शेंगदाण्याचे घेतले, तर सुमारे 47 ग्रॅम सोड्याला प्रक्रियेसाठी तेलच मिळत नाही आणि तो वडीत तसाच शिल्लक राहतो. वडीच्या वजनाच्या मानाने हे प्रमाण तीन टक्क्यांच्या वर जाते. अंगाच्या साबणासाठी भारतीय मानक ब्युरोचे जे मानक आहे, आयएस 2888, त्यात मुक्त कॉस्टिक अल्कलीची मर्यादा 0.05 टक्के आहे. अशा वडीने त्वचा भाजू शकते, आणि ती दिसायला मात्र चांगल्या वडीसारखीच असू शकते. म्हणून अनुभवी साबणकार हिशेबाने येणाऱ्या सोड्यापेक्षा पाच टक्के सोडा मुद्दाम कमी घेतात, जेणेकरून थोडे तेलच शिल्लक राहावे. याला ते ‘सुपरफॅट’ म्हणतात.

या चुकीची तपासणी अवघड नाही. फिनॉल्फ्थॅलिन या, अल्कलीत गुलाबी होणाऱ्या दर्शक द्रवाचा थेंब ओल्या वडीवर टाकला तर तो गुलाबी होतो आणि नवखा माणूस घाबरतो. पण पाण्यात विरघळलेला साबण मुळातच अल्कधर्मी, साधारण 9 ते 10 सामूचा (पीएचचा) असतो, त्यामुळे त्या गुलाबी रंगावरून काहीच सिद्ध होत नाही. खरी चाचणी साबण गरम, उदासीन अल्कोहोलमध्ये विरघळवून करायची असते. तेथे मुक्त सोडा असेल तरच रंग चढतो, आणि मोजून आम्ल घालत गेल्यास तो किती आहे हेही कळते. महाविद्यालयाच्या कोणत्याही रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत होणारी ही चाचणी आहे. साबणाच्या सुरक्षिततेविषयीचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न अशा स्वस्त आणि खात्रीच्या चाचणीने सुटतो, ही गोष्ट मला या सगळ्या चर्चेत मध्यवर्ती वाटते.

आता नियमांकडे वळू. 15 डिसेंबर 2020 रोजी सौंदर्यप्रसाधने नियम, 2020 अधिसूचित झाले आणि या विषयावरचे पूर्वीचे विखुरलेले नियम एका जागी आले. विक्रीसाठी साबण बनवायचा तर राज्याच्या परवाना प्राधिकरणाकडून, महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडून, परवाना घ्यावा लागतो. तो मिळाल्यावर दर पाच वर्षांनी शुल्क भरून चालू ठेवता येतो. उत्पादन एका पूर्णवेळ तांत्रिक व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावे लागते; त्यासाठी औषधनिर्माणशास्त्राची पदविका, फार्मासिस्ट म्हणून नोंदणी, किंवा रसायनशास्त्र घेऊन इंटरमीजिएट अथवा त्याच्या तोडीची परीक्षा यांपैकी एक पुरते. ही अट मला अन्यायाची वाटत नाही. ज्याला सोड्याचा हिशेब समजतो असा एक माणूस जागेवर हवाच, आणि विज्ञान शाखेतून बारावी झालेल्या कितीतरी स्त्रिया आज घरी बसून साबण करत आहेत.

खरी अडचण नियमांच्या सातव्या अनुसूचीत आहे. उत्पादनाच्या जागेच्या आणि यंत्रसामग्रीच्या अपेक्षा तेथे प्रसाधनाच्या प्रकारानुसार दिल्या आहेत. अंगाच्या साबणासाठीची यादी वाचली की ती कोणत्या साबणाला समोर ठेवून लिहिली आहे ते लगेच कळते: साबणीकरणाच्या कढया, बॉयलर, साठवण टाक्या, वाळवणी यंत्र, साबणाचे काप पाडणारे यंत्र, तीन रोलरची गिरणी, दाबून लांब कांडी बाहेर काढणारा प्लॉडर, कापणी यंत्र, ठसे उठवणारे यंत्र. शिवाय लघुउत्पादनासाठीही किमान 100 चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ 1,076 चौरस फूट, जागेची शिफारस आहे आणि कच्चा व तयार माल ठेवण्याची जागा त्याखेरीज लागते. पुण्या-मुंबईत दोन खोल्यांत संसार करणाऱ्या कुटुंबाला हा आकडा वाचूनच पुढची पाने उलटावीशी वाटणार नाहीत. कोल्ड प्रोसेसला बॉयलर लागत नाही, गिरणी लागत नाही, प्लॉडर तर मुळीच लागत नाही. तिला लागतो तो अचूक तराजू, तापमापक, स्टीलची भांडी, हातात धरायचा ब्लेंडर, साचे आणि हवेशीर मांडण्या. शिवाय हातमोजे, डोळ्यांवर चष्मा आणि मुलाबाळांपासून दूर अशी वेगळी खोली, कारण सोडा पाण्यात पडताच द्रावण 80 अंश सेल्सियसच्या आसपास तापू शकते.

यंत्रांची ती यादी चुकीची नाही. ती दुसऱ्याच साबणाची आहे. पण तिच्यामुळे सुरक्षिततेचे मोजमाप जागेच्या लांबीरुंदीवरून होऊ लागते, आणि शिल्लक सोडा, सुगंध, रंग हे जे खरे धोके आहेत ते मागे पडतात.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. पुष्कळ जण कॉस्टिक सोडा हाताळत नाहीत. तयार ग्लिसरीन बेस आणतात, तो वितळवतात, रंग व सुगंध घालून साच्यात ओततात. यालाच ‘मेल्ट अँड पोअर’ म्हणतात. रसायनशास्त्र म्हणेल की येथे नवा साबण तयारच झाला नाही, जुन्याला नवा आकार मिळाला. कायदा मात्र तसे म्हणत नाही. अधिनियमातील ‘उत्पादन’ या शब्दात बनवणे तर येतेच, शिवाय बदल करणे, सजवणे, पूर्ण रूप देणे, वेष्टनात बांधणे आणि लेबल लावणे हेही विक्रीच्या उद्देशाने केले असेल तर येते. त्यामुळे वितळवून ओतलेली वडीसुद्धा परवान्याखाली येते. ज्यांच्याकडे स्वतःची जागा नाही त्यांच्यासाठी लोन लायसन्सची सोय आहे: परवानाधारक कारखान्याची जागा व यंत्रे वापरून तेथे आपला माल बनवता येतो. पण कारखान्याला सोयीचे असते मोठे घाणे, आणि लहान उत्पादकाला हव्या असतात चाळीस-पन्नास वड्या, तेव्हा दोघांचे गणित जुळणे कठीण जाते.

मानकाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट तपशिलाने सांगण्यासारखी आहे. आयएस 2888 अंगाच्या साबणाची प्रतवारी एकूण मेद पदार्थ, म्हणजे टीएफएम, यावरून करते: पहिल्या प्रतीला किमान 76 टक्के, दुसऱ्या प्रतीला 70, तिसऱ्या प्रतीला 60. एक किलो तेल, 140 ग्रॅम सोडा आणि 300 ग्रॅम पाणी यांची वडी पाडली तर ताज्या मालाचे वजन 1,440 ग्रॅम होते, आणि त्यात मेदाम्ले असतात सुमारे 950 ग्रॅम, म्हणजे 66 टक्के. सुकताना दहावा हिस्सा वजन पाण्याच्या रूपाने उडाले, तर तोच आकडा 73 टक्क्यांवर जातो. म्हणजे दीड महिना धीर धरल्याने वडी तिसऱ्या प्रतीतून दुसऱ्या प्रतीत येते. तरीही ती सहसा पहिल्या प्रतीला पोहोचत नाही, कारण तिच्यात सुमारे 100 ग्रॅम ग्लिसरीन शिल्लक असते, जे त्वचेला उपयोगी असले तरी टीएफएममध्ये धरले जात नाही. या आकड्याला गुणवत्तेचे एकमेव माप समजणाऱ्या ग्राहकाने आणि विक्रेत्याने हे ध्यानात ठेवावे. वजनाच्या घटीचा दुसरा परिणाम लेबलवर होतो: अर्धवट सुकलेली वडी 100 ग्रॅम म्हणून बांधली, तर ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत ती कमी भरते.

सुगंध आणि रंग यांबाबत ‘नैसर्गिक आहे, म्हणून निर्धोक आहे’ ही समजूत सर्वांत जास्त नुकसान करते. संत्र्याच्या सालीच्या तेलात नव्वद टक्क्यांहून अधिक लिमोनीन असते, लॅव्हेंडरमध्ये लिनलूल भरपूर असते. हवेशी संयोग होऊन या पदार्थांची जी पेरॉक्साइडे बनतात, त्यांची ॲलर्जी काही लोकांना होते. युरोपीय संघात धुऊन टाकायच्या प्रसाधनात असा घटक 0.01 टक्क्याहून जास्त असेल तर त्याचे नाव लेबलवर लिहावे लागते, आणि 2023 च्या दुरुस्तीने ही यादी ऐंशीच्या पुढे गेली. बाटली कधी उघडली याची तारीख लिहून ठेवणे हा येथला साधा उपाय आहे. रंगांसाठी आपल्या नियमांत शिसे आणि आर्सेनिकच्या संयुगांना बंदी आहे आणि परवानगी असलेल्या रंगांची यादी मानकात दिलेली आहे. खेळण्यांसाठीचा किंवा भिंतीचा रंग चमकतो म्हणून साबणात घालणे त्यामुळेच गैर आहे. हळदीचा साबण करणाऱ्यांना अनुभव असेल की सोड्याच्या मिश्रणात हळद पडताच लालसर होते. चुन्याच्या संगतीने हळदीचे कुंकू होते, तीच ही प्रक्रिया.

एक बाब साबणाच्या बाजूची आहे. क्रीम किंवा लोशनमध्ये पाणी असते, त्यात जिवाणू वाढतात, म्हणून परिरक्षक लागतो आणि सूक्ष्मजीवांच्या चाचण्याही आवश्यक ठरतात. सुकलेल्या वडीत पाणी थोडे आणि सामू चढा, त्यामुळे तिच्यात जिवाणूंची वाढ होणे कठीण असते. घरगुती क्रीम आणि घरगुती साबण यांना एकाच नजरेने पाहणे शास्त्राला धरून नाही.

इतर देशांनी हा प्रश्न वेगवेगळ्या रीतीने सोडवला आहे. युरोपीय संघात 2013 पासून लागू असलेला नियम उत्पादक लहान की मोठा हे पाहत नाही; तेथे प्रत्येक उत्पादनाच्या कृतीला पात्र तज्ज्ञाचा सुरक्षितता अहवाल लागतो आणि त्याची फाइल शेवटच्या घाण्यानंतर 10 वर्षे जपावी लागते. अमेरिकेत केवळ साबण म्हणून विकलेला खरा साबण, म्हणजे ज्यात मेदाम्लांचे क्षारच मुख्य आहेत आणि ज्याचा गुण त्यांच्यामुळेच आहे, तो सौंदर्यप्रसाधनांच्या कायद्याखाली येतच नाही. वेष्टनावर ‘त्वचा मुलायम करतो’ असे लिहिले की तो येतो. तेथे 2022 अखेरच्या नव्या कायद्यानेही दहा लाख डॉलरपेक्षा कमी सरासरी वार्षिक विक्री असलेल्या बहुतेक उत्पादकांना कारखान्याच्या नोंदणीतून सूट दिली, परंतु उत्पादन सुरक्षित असल्याचा पुरावा ठेवण्यातून दिली नाही. मला हा भेद योग्य वाटतो.

दाव्यांच्या बाबतीत आपला कायदाही तितकाच कडक आहे. कडुनिंबाचा साबण हे प्रसाधन आहे. ‘इसब बरा करतो’ असे त्याच्यावर लिहिताच ते औषध ठरते आणि औषधाचा परवाना मागितला जातो. येथे लहान उत्पादकाला सवलत मागण्याचे कारण नाही. इसबाच्या रुग्णाची त्वचा आधीच फुटलेली असते, आणि 9 ते 10 सामूचा कोणताही साबण तिला त्रास देऊ शकतो.

जागेच्या बाबतीत मात्र बदलाला वाव आहे, आणि त्यासाठी अधिनियमाला हात लावण्याचीही गरज नाही. जागा आणि यंत्रे यांच्या अपेक्षांत परवाना प्राधिकरण आपल्या अधिकारात फेरफार करू शकते, अशी टीप त्या अपेक्षांसोबतच दिलेली आहे. आज हा अधिकार त्या त्या अधिकाऱ्याच्या समजेवर चालतो. एका जिल्ह्यात जे चालते ते दुसऱ्यात नाकारले जाऊ शकते. कोल्ड प्रोसेससाठी वेगळी छापील मार्गदर्शिका निघाली आणि तिच्यात बॉयलरच्या जागी तराजूची अचूकता, सोडा ठेवण्याची कुलूपबंद जागा, प्रत्येक घाण्याची तेल-सोडा-तारीख अशी नोंद आणि ठराविक घाण्यांमागे अल्कोहोलमधली मुक्त सोड्याची चाचणी एवढे मागितले, तर तपासायला येणाऱ्या निरीक्षकाला पाहण्यासारखे आणि साबण करणाऱ्या बाईला दाखवण्यासारखे काहीतरी असेल. तोवर घाण्यांची वही आजपासून सुरू करायला कोणाच्या परवान्याची वाट पाहावी लागत नाही.